वैभवाचे मागील दार

(एका कुटुंब-मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेला जाऊन येणे ही मराठी मध्यमवर्गीय कुटुंबांत आता अपूर्वाई राहिलेली नाही. बॉस्टन, न्यू जर्सी वा न्यूयॉर्क येथे स्थिरावलेला मुलगा आई-वडिलांना नायगारा दाखवतो, स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा दाखवतो आणि सलग दोन-तीन दिवस सुट्टी मिळाली की ऱ्होड आयलंड राज्यातील न्यूपोर्ट या समुद्रकाठच्या गावी घेऊन जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी धनिकांनी बांधलेली प्रासादतुल्य घरे तेथे ओळीने उभी आहेत. तिकीट काढावे, कानाला माहिती सांगणारे यंत्र लावावे आणि संगमरवर, झुंबरे, सोन्याचा मुलामा न्याहाळत दालनामागून दालन फिरावे. वर्षाकाठी लक्षावधी प्रवासी हेच करतात. घरी परतल्यावर छायाचित्रे दाखवताना सहज उद्गार निघतो, “काय ते वैभव!”

हा उद्गार स्वाभाविक आहे. सुंदर वस्तू पाहून मन प्रसन्न व्हावे, यात वावगे काही नाही. परंतु वास्तू जशी पाहायची असते, तशी ती वाचायचीही असते. ही हवेली कोणत्या पैशातून उभी राहिली, कोणत्या हातांनी ती चालवली आणि ते हात कोणत्या दाराने आत येत असत, एवढे तीन प्रश्न विचारले की तीच वास्तू निराळे बोलू लागते. पुढच्या दारातून वैभव दिसते. ज्या समाजात ते वैभव वाढले, त्या समाजाची ओळख मागील दारातून होते. आजच्या विवेचनाचा विषय हे मागील दार आहे.

‘कॉटेज’ नावाचे राजवाडे

न्यूपोर्टच्या धनिकांनी आपल्या या प्रासादांना नाव दिले होते ‘कॉटेज’. खेड्यातील लहानशा घराला इंग्रजीत जो शब्द वापरतात, तोच हा शब्द. वर्षातून उन्हाळ्याचे जेमतेम सहा ते आठ आठवडे ही मंडळी येथे राहत. उरलेले दहा महिने घरे रिकामी असत.

या साऱ्या घरांत सर्वांत भव्य म्हणजे ‘द ब्रेकर्स’. ते बांधले व्हँडरबिल्ट घराण्याने. या घराण्याचा कर्ता पुरुष कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट तरुणपणी न्यूयॉर्कच्या बंदरात एका लहानशा होडीतून माणसे आणि माल वाहून नेत असे. होड्यांवरून तो आगबोटींकडे आणि आगबोटींवरून रेल्वेकडे वळला. १८७७ मध्ये तो मरण पावला, तेव्हा त्याची संपत्ती सुमारे १० कोटी डॉलर होती. त्याच्या मुलाने पुढच्या आठ वर्षांत ती दुप्पट केली. तिसऱ्या पिढीतील दुसऱ्या कॉर्नेलियसने १८९३ ते १८९५ या काळात ब्रेकर्स उभारले. सत्तर खोल्या, दोन मजल्यांची उंची व्यापणारे मध्यवर्ती दालन, एकसंध संगमरवरात कोरलेले स्नानपात्र आणि त्यात गोड्या पाण्याबरोबर समुद्राचे पाणी सोडण्याची सोय. एका दालनाच्या भिंतींवरील चमकदार मुलामा दीर्घकाळ चांदीचा मानला जात होता. अलीकडच्या शास्त्रीय तपासणीत तो प्लॅटिनमचा निघाला.

त्याच्या धाकट्या भावाने, विल्यमने, १८८८ ते १८९२ या काळात ‘मार्बल हाउस’ बांधले आणि पत्नी अल्वा हिला वाढदिवसाची भेट म्हणून दिले. खर्च सुमारे १ कोटी १० लाख डॉलर. त्यातील ७० लाख डॉलर केवळ संगमरवरावर खर्च झाले. एकूण संगमरवर ५ लाख घनफूट.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. ब्रेकर्सचा मालक दुसरा कॉर्नेलियस हा उनाड वा व्यसनी माणूस नव्हता. तो कष्टाळू होता, श्रद्धाळू होता, धर्मकार्याला सढळ हाताने देणगी देणारा होता. म्हणून हा विषय एखाद्या दुष्ट माणसाचा नाही. सज्जन माणसालाही जे दिसेनासे होते, त्याचा हा विषय आहे.

डबे जोडणारे हात

ही संपत्ती रेल्वेतून आली. त्या काळी अमेरिकेत मालगाडीचे डबे एकमेकांना जोडण्याचे काम माणसाने हातांनी करावे लागे. सरकत येणाऱ्या दोन डब्यांच्या मध्ये उभे राहून लोखंडी कडी खाचेत बसवायची आणि तीत खीळ घालायची. निमिषभर चूक झाली की बोटे जात, हात जाई, कधी सारा देहच चिरडला जाई. गाडी थांबवण्यासाठी धावत्या डब्यांच्या टपावरून, पावसात आणि बर्फात, एका डब्यावरून दुसऱ्यावर उडी मारत हातानेच ब्रेक आवळावे लागत. १८८० च्या दशकाच्या अखेरीस वर्षाला दोन हजारांहून अधिक रेल्वे कामगार मृत्युमुखी पडत आणि वीस हजारांहून अधिक जखमी होत. राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी १८८९ मध्ये संसदेला दिलेल्या संदेशात या कामगारांच्या जिवाला असलेला धोका रणांगणावरील सैनिकाच्या धोक्याएवढा असल्याचे म्हटले आणि ही राष्ट्राला लाज आणणारी गोष्ट आहे, असे बजावले.

याला उपाय नव्हता असे नाही. हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ मध्येच शोधला होता. डबे आपोआप जुळवणाऱ्या जोडणीचे पेटंट एली जेनी याने १८७३ मध्ये घेतले होते. प्रवासी गाड्यांना या सोयी पुष्कळशा मिळाल्या, कारण प्रवासी तिकीट काढत होते. लक्षावधी मालडब्यांना त्या बसवायच्या तर मोठा खर्च होता आणि गेलेल्या हाताच्या जागी दुसरे दोन हात रोजच दाराशी उभे होते. अखेर १८९३ च्या मार्च महिन्यात कायदा झाला आणि रेल्वे कंपन्यांना ही साधने सक्तीची झाली. साधन उपलब्ध झाल्यापासून ते सक्तीचे होईपर्यंत वीस वर्षे गेली. त्याच वर्षी ब्रेकर्सचे बांधकाम सुरू झाले.

या दोन घटनांचा थेट हिशेब कोणा एका घराण्याच्या नावे मांडणे योग्य होणार नाही. संपूर्ण रेल्वे उद्योगाचीच ती रीत होती. पण एवढे खरे की ज्या उद्योगाला खिळीऐवजी नवी जोडणी बसवण्याचा खर्च जड वाटत होता, त्याच उद्योगाच्या नफ्यातून भिंतींवर प्लॅटिनम चढत होते.

१८९३ : एका वर्षाची दोन चित्रे

भारतीय मनाला १८९३ हे वर्ष दुसऱ्याच कारणाने ठाऊक आहे. त्या वर्षी जुलैच्या अखेरीस स्वामी विवेकानंद शिकागोला पोहोचले आणि ११ सप्टेंबरला सर्वधर्मपरिषदेत त्यांचे पहिले भाषण झाले. स्वामीजींनी पाहिलेली अमेरिका ही ब्रेकर्सची अमेरिका होती, आणि त्याच वेळी ती मंदीने पोळलेली अमेरिकाही होती. १८९३ च्या मे महिन्यात आर्थिक अरिष्ट कोसळले. शेकडो बँका बुडाल्या, हजारो उद्योग बंद पडले, लाखो कामगार बेकार झाले. पुढच्या वर्षी जेकब कॉक्सी नावाच्या व्यावसायिकाच्या नेतृत्वाखाली बेकारांचा एक जथा ओहायो राज्यातून पायी चालत राजधानीत आला. सरकारने रस्तेबांधणीची कामे काढून बेकारांना रोजगार द्यावा, एवढीच त्यांची मागणी होती. संसद भवनाच्या हिरवळीवर पाय ठेवल्याच्या आरोपावरून कॉक्सीला अटक झाली.

स्वामीजींच्या चरित्रग्रंथांत एक प्रसंग येतो. परिषदेतील यशानंतर एका धनिक यजमानाच्या घरी त्यांची व्यवस्था झाली. सुसज्ज खोली, मऊ शय्या. पण त्यांना झोप लागेना. मातृभूमीतील अन्नवस्त्राला मोताद झालेली माणसे डोळ्यांसमोर उभी राहिली आणि ते जमिनीवर पडून अश्रू ढाळीत राहिले. या प्रसंगाचे स्मरण आपल्याकडे भाषणांतून वारंवार होते. त्यातील मर्म असे की स्वामीजींनी त्या शय्येची निंदा केली नाही आणि यजमानांचा अवमानही केला नाही. त्या वैभवात वावरत असताना जी माणसे त्या खोलीत नव्हती, ती त्यांना दिसली. न्यूपोर्टच्या साऱ्या झगमगाटात उणीव होती ती नेमकी या दृष्टीची.

हिरवळीखालचे भुयार

ही दृष्टी आपोआप हरवत नाही. ती हरवावी अशी व्यवस्था करावी लागते, आणि ती व्यवस्था ज्याला डोळ्यांनी पाहायची असेल त्याने न्यूपोर्टमधील ‘द एल्म्स’ ही हवेली अवश्य पाहावी.

कोळसा खाणींचे मालक एडवर्ड बर्विंड यांनी १९०१ मध्ये ती पूर्ण केली. एका फ्रेंच प्रासादाचा आदर्श समोर ठेवून बांधलेली ही हवेली बाहेरून दोन मजल्यांची दिसते. वस्तुतः ती तीन मजल्यांची आहे. तिसऱ्या मजल्यावर नोकरांच्या खोल्या आहेत आणि छताभोवतीच्या दगडी कठड्याची रचना अशी की खालून तो मजला दिसूच नये. नोकरांची आणि मालवाहतुकीची ये-जा होई ते दार वेलींच्या मांडवाखाली झाकलेले आहे. घर उबदार ठेवण्यासाठी लागणारा कोळसा हिरवळीवरून नेला तर काळी धूळ उडणार. म्हणून शेजारच्या रस्त्यापासून थेट तळघरापर्यंत भुयार खणले आहे. त्यात रूळ आहेत आणि रुळांवरून कोळशाच्या गाड्या ढकलीत आणायच्या. पाहुण्यांना ऊब मिळे. कोळसा दिसत नसे, आणि तो ढकलणारा माणूस तर त्याहून नाही.

हवेली उभी राहून वर्ष होते न होते तोच, १९०२ मध्ये, येथील नोकरांनी काम थांबवले. त्यांची संख्या सुमारे चाळीस होती. त्यांची मागणी होती ती ठरावीक सुट्टीची. मालकाने त्या सर्वांना कामावरून काढून टाकले आणि नवे नोकर आणले.

या हवेलीला लागणारा पैसा जेथून येई, तेथेही हेच चित्र मोठ्या प्रमाणावर दिसते. पेनसिल्व्हेनिया राज्यात बर्विंड यांच्या कंपनीने १८९७ मध्ये वसवलेल्या गावाचे नाव ‘विंडबर’. मालकाच्या आडनावातील अक्षरांची उलटापालट करून ते तयार केले होते. घरे कंपनीची, दुकान कंपनीचे, खाण कंपनीची. १९२२ मध्ये तेथील खाणकामगार संघटनेच्या हक्कासाठी संपावर गेले, तेव्हा त्यांच्या कुटुंबांना कंपनीच्या घरांतून बाहेर काढण्यात आले. स्त्रिया आणि मुले कडाक्याच्या थंडीत तंबूंत राहिली. विंडबरचा कोळसा न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेसाठी वापरला जात असल्याने तेथील महापौरांनी चौकशी समिती पाठवली. यादवी युद्धापूर्वीच्या गुलामांपेक्षाही या माणसांची स्थिती वाईट आहे, अशा आशयाचा निष्कर्ष त्या समितीने नोंदवला. तरीही १९२३ मध्ये संप मोडला.

विषमता म्हणजे केवळ एकाजवळ अधिक आणि दुसऱ्याजवळ उणे, एवढेच नव्हे. गुण, उद्यम आणि परिश्रम यांत भेद असतो, म्हणून प्राप्तीतही भेद राहणार. तेवढा भेद समाज सोसतो, कधी त्याचा आदरही करतो. समाज दुभंगतो तो ज्याच्या श्रमावर आपले सुख उभे आहे, त्या माणसालाच दृष्टीआड करण्याची व्यवस्था झाली म्हणजे. दिसेनासा झालेला माणूस मनातूनही जातो आणि मनातून गेलेल्या माणसाची सुट्टी, त्याचा तुटलेला हात, त्याचे थंडीत कुडकुडणारे मूल यांची दखल कोणी घेत नाही.

जामीन राहिलेली हवेली

याच न्यूपोर्टच्या इतिहासात एक वेगळे पानही आहे. ज्या अल्वासाठी मार्बल हाउस बांधले गेले, तिचा १८९५ मध्ये घटस्फोट झाला. त्याच वर्षी तिने आपल्या मुलीचा विवाह तिच्या मनाविरुद्ध एका इंग्रज उमरावाशी लावून दिला. त्यासाठी २५ लाख डॉलरचे रेल्वे समभाग द्यावे लागले. हुंड्याची प्रथा पौर्वात्यांपुरतीच आहे असे मानणाऱ्यांनी ही नोंद ध्यानात ठेवावी.

या हुकमती आणि मानी स्त्रीच्या आयुष्याला पुढे वळण मिळाले. दुसऱ्या पतीच्या निधनानंतर ती स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत उतरली आणि १९०९ मध्ये तिने त्या कार्याच्या निधीसाठी मार्बल हाउसचे दरवाजे लोकांना उघडले. त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यूयॉर्कमधील कपडे शिवणाऱ्या सुमारे वीस हजार कामगारांनी संप पुकारला. त्यात बहुसंख्य तरुण मुली होत्या, परदेशातून आलेल्या, गरीब घरांतील. रोज त्यांना अटक होई. डिसेंबरातल्या एका रात्री अल्वा न्यायालयात जाऊन बसली. चार मुलींना जामीन हवा होता. तारण काय, असे न्यायाधीशांनी विचारताच तिने न्यूयॉर्कमधील आपली हवेली तारण म्हणून लिहून दिली. जी वास्तू श्रमिकांना दूर ठेवण्यासाठी बांधली जाते, ती त्या रात्री चार श्रमिक मुलींना जामीन राहिली. अल्वाच्या साऱ्या संपत्तीचा याहून मोठा उपयोग तिच्या हातून क्वचितच झाला असेल.

दान आणि न्याय

येथे एक आक्षेप येऊ शकतो. अमेरिकी धनिकांनी पुढे मोठे दानही केले, हे विसरायचे काय? विसरू नये. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी जगभर अडीच हजारांवर ग्रंथालये उभारण्यास साहाय्य केले. धनवान म्हणून मरणे हे अप्रतिष्ठेचे आहे, असा विचार त्यांनी १८८९ मध्ये मांडला आणि संपत्तीचा फार मोठा भाग प्रत्यक्षात देऊन टाकला. ज्या ग्रंथालयांतून कित्येक पिढ्या शिकल्या, त्यांचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

परंतु त्यांच्याच होमस्टेड येथील कारखान्यात, १८९२ च्या जुलै महिन्यात, वेतनकपातीवरून कामगार आणि कंपनीने आणलेले खासगी शस्त्रधारी पहारेकरी यांच्यात चकमक झाली आणि दोन्ही बाजूंची माणसे प्राणाला मुकली. मार्बल हाउसच्या गृहप्रवेशाचा उन्हाळा तो हाच. कामगारांची संघटना मोडली आणि बारा तासांची पाळी रूढ झाली. बारा तास भट्टीसमोर राबणाऱ्याने ग्रंथालयात जायचे केव्हा, हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला. मिळवताना न्याय आणि मिळवल्यावर दान, ही दोन स्वतंत्र कर्तव्ये आहेत. दुसऱ्याने पहिल्याची फेड होत नाही.

आणि जे केवळ उपभोगासाठी बांधले गेले, त्याचे काय झाले? ब्रेकर्सचा मालक १८९६ मध्येच पक्षाघाताने खचला आणि १८९९ मध्ये मरण पावला. निरोगी प्रकृतीने नव्या घरात त्याला अवघा एक उन्हाळा लाभला. न्यूयॉर्कमधील त्याची अवाढव्य हवेली १९२० च्या दशकात पाडली गेली. तिचे लोखंडी महाद्वार आज सेंट्रल पार्कमधील एका सार्वजनिक बागेचे प्रवेशद्वार आहे आणि त्यातून कोणीही आत जाऊ शकतो. १९१३ मध्ये आयकराला घटनात्मक मान्यता मिळाली, नोकर मिळणे दुर्मीळ झाले, आणि न्यूपोर्टच्या हवेल्या एकेक करून ओस पडल्या. ब्रेकर्स १९४८ मध्ये वर्षाला एक डॉलर भाड्याने वारसा जतन करणाऱ्या संस्थेकडे गेले आणि १९७२ मध्ये संस्थेने ते ३ लाख ६५ हजार डॉलरना विकत घेतले. एल्म्स तर पाडण्याच्या तोंडावर असताना १९६२ मध्ये वाचवले गेले. आज तेथे जी फेरी पुष्कळ प्रवासी आवर्जून घेतात, ती आहे नोकरांच्या जिन्याची, त्यांच्या खोल्यांची आणि त्या कोळशाच्या भुयाराची. जे लपवण्यासाठी एवढा खटाटोप केला, तेच पाहायला लोक आज तिकीट काढतात.

महेश्वरचा वाडा आणि आपले मागील दार

ब्रेकर्स पूर्ण झाले १८९५ मध्ये. त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १७९५ मध्ये, नर्मदाकाठी महेश्वर येथे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांनी देह ठेवला. त्यांचा वाडा आजही पाहता येतो. राजवाडा म्हणावा असा डामडौल त्यात नाही. लाकूड-विटांचे साधे बांधकाम, साधी बैठक. ज्यांनी काशी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले, गयेच्या विष्णुपदापासून सोमनाथापर्यंत मंदिरे, घाट, धर्मशाळा आणि विहिरी बांधल्या, त्यांनी स्वतःसाठी हे एवढेच ठेवले. सरकारी खजिना वेगळा आणि खासगी उत्पन्न वेगळे, हा दंडक पाळून त्यांनी ही धर्मकार्ये खासगीतून केली. विणकरांना आश्रय देऊन महेश्वरी वस्त्राचा उद्योग त्यांनी भरभराटीला आणला. त्यावर आजही अनेक कुटुंबे जगतात. स्वतःच्या वाड्यापेक्षा परक्याच्या वाटेवरचा घाट मोठा बांधावा, ही संपत्तीची आपल्या परंपरेतील सर्वोत्तम कल्पना होय. धनिकाने स्वतःला विश्वस्त मानावे, हा महात्मा गांधींनी आग्रहाने मांडलेला विचार याच मातीतला आहे.

मात्र येथे थांबून पाठ थोपटून घेतली, तर ते आत्मवंचनेचे ठरेल. अहिल्यादेवींचा वाडा हा अपवाद म्हणून वंदनीय आहे. गावोगावच्या वाड्यांनाही मागील दार होते. दिंडी दरवाजा, चौक, ओसरी, माजघर यांचे वर्णन आपण कौतुकाने करतो. शौचकूप साफ करणारा माणूस ज्या अरुंद बोळातून येई, त्या बोळाचे वर्णन कोणी करीत नाही. त्याची सावली अंगणात पडू नये म्हणून तो बोळ होता. न्यूपोर्टचे भुयार कोळसा लपवण्यासाठी होते. आपल्या बोळाने माणूस लपवला, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या लपवला, जन्माच्या आधारावर लपवला. मानवी मैला हाताने वाहण्याच्या प्रथेविरुद्ध देशाला १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायदा करावा लागला. त्यानंतरही गटारांत उतरून माणसे गुदमरून मेल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. समरसतेचा उच्चार करणाऱ्याने हा बोळ आधी पाहिला पाहिजे.

सर्व्हिस लिफ्ट

वाडे गेले, त्यांच्या जागी बहुमजली संकुले आली. पण मागील दार गेले काय? मुंबई-पुण्यातील कित्येक संकुलांत घरकाम करणाऱ्या स्त्रिया, वाहनचालक आणि सामान पोहोचवणारी मुले यांच्यासाठी वेगळी लिफ्ट असते आणि तशी पाटीही लावलेली असते. ज्या मावशींच्या हातची पोळी घरातील सर्वजण खातात, त्यांच्याबरोबर चार मजले वर जाणे मात्र अवघड होते! त्यांचा कप निराळा, बसण्याची जागा निराळी. वर्षानुवर्षे घरी येणाऱ्या मावशींचे आडनाव, गाव, त्यांची मुले कोणत्या इयत्तेत आहेत, हे किती घरांत ठाऊक असते?

१९०२ मध्ये एल्म्सच्या नोकरांनी सुट्टी मागितली होती. पुण्यातही १९८० मध्ये घरकाम करणाऱ्या स्त्रियांनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. वेतनाइतकाच त्यांच्यापुढील कळीचा प्रश्न रजेचा होता. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला; असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी केंद्र शासनाचे ई-श्रम संकेतस्थळ २०२१ पासून सुरू आहे. कायदे आणि योजना आवश्यकच आहेत. पण आठवड्याची पगारी सुट्टी, आजारपणातील रजा, दिवाळीची हक्काची रक्कम आणि नोंदणीसाठी लागणारी अर्ध्या तासाची मदत, हे देण्यासाठी कोणत्याही घराला कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

विषमतेचे मोठे आकडेही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. जागतिक विषमतेचा अभ्यास करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये भारतातील वरच्या एक टक्का लोकांकडे देशातील संपत्तीचा ४०.१ टक्के आणि उत्पन्नाचा २२.६ टक्के वाटा होता. मोजणीच्या पद्धतीविषयी तज्ज्ञांत मतभेद असू शकतात, पण दिशेविषयी संशय घ्यायला फारशी जागा नाही. देशात संपत्ती वाढते आहे, ही आनंदाची बाब आहे. ती वाढत असताना करव्यवस्था, शाळा, दवाखाने आणि श्रमाचे मोल यांकडे राज्यकर्त्यांनी लक्ष द्यावे, हा आग्रह सुजाण नागरिकांनी धरलाच पाहिजे. परंतु ‘वरचा एक टक्का’ असे म्हणून बोट वर दाखवले की मध्यमवर्गाला आपण त्यातून सुटलो असे वाटू लागते. कोळशाची गाडी ढकलणाऱ्याच्या दृष्टीने पहिल्या मजल्यावरचा आणि दुसऱ्या मजल्यावरचा माणूस यांत फार फरक नसतो. आपल्या घरी पहाटे दूध टाकणारा, कचरा उचलणारा, इमारतीच्या पायात उन्हातान्हात राबून गेलेला आणि आता त्याच इमारतीत रखवालदाराच्या परवानगीवाचून पाऊलही ठेवू न शकणारा, या साऱ्यांशी आपले नाते काय, हा प्रश्न तेवढाच गंभीर आहे.

राष्ट्राच्या ऐक्याची भाषा सोपी आहे. सीमेवर संकट आले की सारे एक होतात, आणि तसे व्हायलाच हवे. पण जे ऐक्य एका लिफ्टमध्ये मावत नाही, ते संकटाच्या वेळी किती टिकेल? संघटन म्हणजे माणसे जोडणे. रेल्वेचे डबे जोडताना हात गमावणाऱ्यांच्या कथेतून एवढे तरी शिकायचे की दुसऱ्याच्या देहाची किंमत मोजून केलेली जोडणी ही जोडणी नव्हे.

तेव्हा बंधू-भगिनींनो, न्यूपोर्टला जाणाऱ्यांनी जरूर जावे. तेथील शिल्पकलेचा आनंद घ्यावा. फेरी संपता संपता मार्गदर्शकाला मात्र विचारावे की नोकर कोणत्या दाराने आत येत असत. एल्म्समध्ये ते दार आता प्रवाशांना दाखवतात. आणि परतल्यावर हाच प्रश्न आपल्या संकुलाच्या सर्वसाधारण सभेत विचारावा. लिफ्टजवळची पाटी काढण्याचा ठराव मांडायला एक सूचक आणि एक अनुमोदक पुरेसा असतो. आज येथे बसलेल्या प्रत्येक कुटुंबातून एवढे दोन जण निघाले, तर हा मेळावा सार्थकी लागला असे म्हणता येईल.